शेवटचं बरं कधी बघितलं?

आमचे वडील, म्हणजे अण्णा, गोठ्यासमोरच्या कट्ट्यावर बसले होते आणि दुधाची रिकामी किटली त्यांच्या उजव्या हातातून हळूहळू सुटत होती. मी ते बघितलं आणि मला वाटलं, डुलकी लागली असेल. नोव्हेंबर होता. द्राक्षाची फळछाटणी होऊन महिना झालेला, पहाटे दव पडायचं, त्यामुळं डाऊनी रोगाच्या भीतीनं आम्ही दोघंही चारला उठून बागेत औषध मारत होतो. झोप कुणाचीच पुरी होत नव्हती. किटली खाली पडली, घरंगळत गव्हाणीपर्यंत गेली. अण्णांनी तिच्याकडं मान वळवूनसुद्धा बघितलं नाही.

"अण्णा, काय झालं ओ?"

त्यांनी उत्तर दिलं. म्हणजे तोंड हललं, आवाज आला, चेहऱ्यावर भावही रोजच्या बोलण्याचा होता. पण त्यात शब्द एकही नव्हता. ओठाचा उजवा कोपरा खाली ओघळला होता. ते स्वतः काहीतरी समजावून सांगतायत आणि मलाच कळत नाहीये, असा वैताग त्यांच्या डोळ्यांत दिसत होता. तो वैताग मला अजून आठवतो. मोबाइलमध्ये बघितलं तर पावणेसात.

त्यानंतरची सात मिनिटं आम्ही घालवली. घालवली असंच म्हणतो, कारण त्या सात मिनिटांत जे केलं त्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं, थोडं घातकच होतं. आईनं तांब्या आणून पाणी पाजलं. पाणी उजव्या बाजूनं गळलं आणि उरलेलं ठसक्यानं वर आलं. शेजारच्या वस्तीवरच्या काकी धावत आल्या, बघताक्षणी म्हणाल्या, "वारं गेलंय अंगावरनं. तेल चोळा गरम करून." मग वारं उतरवणाऱ्या एका गावाचं नाव निघालं. कबुतराच्या रक्ताचं मालिश कुणाला लागू पडलं त्याची गोष्ट निघाली. बीपीची गोळी जिभेखाली ठेवा, असंही कुणीतरी म्हणालं. चुलते, म्हणजे आमचे तात्या, बोलेरोची किल्ली घेऊनच आले होते. त्यांचं म्हणणं, उचला आणि निघा, बोलत काय बसलाय.

मी १०८ लावला. विचार करून लावला असं नाही. गावच्या आरोग्य उपकेंद्राच्या भिंतीवर तो आकडा एवढा मोठा रंगवलाय की दुसरा कुठला नंबर डोक्यात आलाच नाही.

फोन पुण्याला लागतो, हे मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं तासगावातच कुणीतरी उचलेल, त्याला आमचं गाव सांगितलं की झालं. पलीकडं एक बाई होत्या, शांत आवाज. मी एका दमात म्हणालो, "अण्णांना पॅरालिसिस झालाय, लवकर गाडी पाठवा," गावाचं नाव सांगितलं आणि फोन ठेवून दिला. ठेवून दिला! जसं हॉटेलात चहा सांगून वळावं तसं. आणि लगेच पुण्याच्या थोरल्या भावाला फोन लावला, मग मेहुण्याला, मग गावातल्या डॉक्टरांना. तिकडं १०८ चे लोक मला परत फोन करत होते आणि माझा फोन गुंतलेला. आमच्या गावाच्या नावाचं आणखी एक गाव आपल्याच जिल्ह्यात दुसऱ्या तालुक्यात आहे, आणि मी तालुका सांगितलाच नव्हता. सहा मिनिटांनी बायको ओरडली, "तुमचा फोन मोकळा करा आधी!" तेव्हा कुठं ध्यानात आलं.

दुसऱ्यांदा बोलणं झालं ते नीट. यात माझं कौतुक काही नाही, पलीकडच्या बाईंनीच ते नीट करून घेतलं. आधी पत्ता: जिल्हा, तालुका, गाव, गावात कुठं. मग जवळची खूण. मग पेशंटचं वय, बाई का माणूस. शुद्धीवर आहेत का? श्वास नीट चालूय का? छातीत दुखतंय का? कुठल्या बाजूची ताकद गेली? कधीपासून? पडले होते का, डोक्याला मार लागलाय का? बीपी, शुगर? माझ्या मनात चाललं होतं की हे सगळं विचारेपर्यंत गाडी निघाली असती. नंतर कळलं की पत्ता पक्का झाल्याबरोबर गाडीला निरोप गेलेला असतो, बाकीचे प्रश्न गाडी रस्त्यावर असताना चाललेले असतात. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी त्या बाईंवर खेकसलो नसतो.

सगळ्यात अवघड गेला तो पत्ता. शहरातल्या माणसाला हे कळणार नाही. आमची वस्ती गावापासून अडीच किलोमीटर आत. घराला नंबर नाही, रस्त्याला नाव नाही. पाहुण्याला आम्ही सांगतो, "माळावरच्या टाकीपासनं डाव्या हाताला वळा, बेदाण्याचं शेड लागलं की विचारा, कुणीबी सांगंल." आता त्या माळावर बेदाण्याची शेडं किती? मी मोजली नंतर, सात. बाईंनी विचारलं, "डांबरी रस्ता कुठं सोडायचा?" आख्ख्या संभाषणात हाच प्रश्न सगळ्यात कामाचा होता. डांबरी सोडतो ते ठिकाण सांगता आलं आणि तिथं माणूस उभा करता आला की पुढचं सोपं. त्यांनी सांगितलं, कुणाला तरी तिथं उभं करा, आणि त्याचा नंबर मला द्या. पुतण्या मोटारसायकल काढून गेला.

मग सूचना. तोंडातून काही देऊ नका: पाणी नाही, चहा नाही, गोळीही नाही. कुशीवर झोपवा, डोकं थोडं उंच ठेवा. चालवायचा प्रयत्न करू नका. चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं, आधीचे कागद एका पिशवीत घाला. आणि हा फोन मोकळा ठेवा, गाडीतले डॉक्टर याच नंबरवर बोलतील. घाबरून काही खायला-प्यायला घातलंय का, असं विचारलं तेव्हा मी पाण्याचं खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, "आता नका देऊ" एवढंच म्हणाल्या.

दोनच मिनिटांत गाडीतल्या डॉक्टरांचा फोन आला. तासगावहून निघालो म्हणाले. पुन्हा तेच दोन-तीन प्रश्न, पुन्हा डांबरी कुठं सोडायचा. मग वाट बघणं.

सात वाजून एकतीस मिनिटांनी गाडी आमच्या दारात आली. दुसरा फोन झाल्यापासून तेहतीस मिनिटं. कागदावर हा आकडा मोठा नाही. अण्णांच्या डोक्यापाशी बसून तो कसा जातो ते लिहिता येत नाही. पण त्या वेळात करण्यासारखी कामं होती, आणि ती सुचली हे नशीब. आमच्या बोळातच ब्लोअर लावलेला ट्रॅक्टर उभा होता. पहाटे औषध मारून आल्यावर मीच तिथं सोडला होता. तो काढला. बागेच्या कडेच्या ताणाच्या तारा बोळात आल्यात, बोलेरो जाते पण ॲम्ब्युलन्सची ट्रॅव्हलर घासते. तात्यांनी दोन तारा सैल करून बाजूला बांधल्या. कुत्रं गोठ्यात कोंडलं. आईनं आधार कार्ड, रेशनकार्ड आणि अण्णांच्या गोळ्यांचा डबा पिशवीत घातला. त्या डब्यात बीपीच्या गोळ्यांचं पाकीट होतं, दहाच्या दहा गोळ्या जागेवर. बरं वाटतंय म्हणून अण्णांनी गोळी दोन महिन्यांपूर्वी आपली आपणच बंद केली होती. आईलाही ते त्या क्षणी कळलं.

त्याच वेळेत मेहुण्यानं सांगलीतून एका खासगी ॲम्ब्युलन्सवाल्याला फोन केला होता. तो आधी तीन हजार मोबाइलवर टाका म्हणाला, मग निघतो. मी मेहुण्याला नको म्हणालो. पैशाचा प्रश्न नव्हता, पण दोन गाड्या दोन बाजूंनी निघाल्या असत्या तर माझा उरलासुरला मेंदूही गेला असता. १०८ ला पैसे लागत नाहीत, हेही अनेकांना अजून खरं वाटत नाही. काकी शेवटपर्यंत मला बाजूला घेऊन विचारत होत्या, "ड्रायव्हरला किती द्यायचं?"

गाडीतून दोघं उतरले, डॉक्टर आणि चालक. चालकाला हे लोक पायलट म्हणतात. डॉक्टर तिशीच्या आतले, आयुर्वेदाची पदवी घेतलेले. तात्यांनी कपाळाला आठी घातली. मोठे डॉक्टर हवे होते त्यांना. पण त्या मुलानं घरात आल्यावर पहिली गोष्ट केली ती म्हणजे बोटाला टोचून साखर बघितली. साखर फार खाली गेली तरी माणूस अगदी असाच दिसतो, हे त्यानं काम करता करताच सांगितलं. १४२ आली. म्हणजे तो प्रश्न मिटला. बीपी १९८ वर १०६. मग अण्णांना म्हणाला, "आजोबा, दोन्ही हात वर करा." डावा गेला, उजवा खांद्यापर्यंत येऊन पडला. "हसा बघू." अण्णांनी अर्धं हसून दाखवलं. बीपी एवढं आहे तर लगेच गोळी द्या ना, असं मी म्हणालो. तो म्हणाला, मेंदूला रक्त कमी पडत असताना बीपी असं धाडकन खाली आणलं तर नुकसान वाढतं. म्हणजे जिभेखालची ती गोळी आम्ही दिली असती तर... असो.

मग त्यानं विचारलं, "किती वाजता झालं?"

"पावणेसात."

"तुम्ही पावणेसातला बघितलं. त्याआधी शेवटचं बरं कधी बघितलं? नीट बोलताना, चालताना?"

मला उत्तर येईना. मी बागेत होतो. आई म्हणाली, सहाला दूध घेऊन डेअरीला गेले तेव्हा चांगले होते, माझ्याशी बोलून गेले. डॉक्टरनं सहा लिहिलं. आणि मला सांगितलं की मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन असतं, ते त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आणि कुणी बघितलंच नसेल तर घड्याळ शेवटचं चांगलं दिसल्यापासून धरतात. माणूस झोपेतून असाच उठला तर रात्री झोपायला गेला तेव्हापासून. म्हणून प्रत्येक जण हेच विचारणार, तिथंही विचारतील, उत्तर पक्कं ठेवा.

स्ट्रेचरवर घेताना अण्णांच्या बंडीच्या खिशातून डेअरीची पावती पडली. बोटाएवढी कागदाची चिठ्ठी. लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम, आणि वर तारीख आणि वेळ: ६.२२. मी डेअरीतल्या पोराला तिथूनच फोन लावला. तो म्हणाला, "अण्णा? झकास होते की. फॅटवरनं भांडून गेले माझ्याशी." डॉक्टरनं पावतीचा फोटो काढला, सहावर काट मारली, सहा बावीस लिहिलं. बावीस मिनिटं आम्हाला डेअरीनं दिली.

आता बोलेरोचं. तात्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. पावणेसातला उचलून निघालो असतो तर साडेसातपर्यंत तासगावात असतो. पण कुठं? ज्या दवाखान्यात सीटी स्कॅन नाही तिथं या आजाराचं पुढचं काही होत नाही. गाठ आहे का रक्तस्राव आहे ते स्कॅनशिवाय कुणालाच सांगता येत नाही, आणि एकाला जे औषध तारतं ते दुसऱ्याला मारतं. आम्ही ओळखीच्या दवाखान्यात गेलो असतो, तिथून पुढं पाठवलं असतं, तिथं पुन्हा केसपेपर. आमच्याकडं निम्म्या पेशंटचा वेळ असाच जातो, मी स्वतः दोन वेळा बघितलाय. गाडीतल्या डॉक्टरनं निघायच्या आधीच दोन फोन केले आणि म्हणाला, मधे कुठं थांबायचं नाही, मिरजेला. अर्थात दारात गाडी आणि दहा मिनिटांवर सोय असेल तर मी गाडीच काढीन, हेही सांगतो. माळावरच्या वस्तीचं गणित वेगळं.

सात त्रेचाळीसला निघालो. बरोबर एकच जण चला म्हणाले; मी आत, बाकीचे बोलेरोत मागून. आणखी एक सांगायची गोष्ट म्हणजे ॲम्ब्युलन्समागं गाडी चिकटवून पळवायची नसते. पायलटनं तात्यांना तसं स्पष्ट सांगितलं आणि तात्यांनी ऐकलं नाही.

आत दवाखाना असेल अशी माझी कल्पना होती. ही साधी, बेसिकची गाडी होती: ऑक्सिजन, सक्शन, बीपी आणि बोटाला लावायचं ते चिमट्यासारखं यंत्र, औषधांच्या पेट्या. व्हेंटिलेटर नाही. राज्यात २०१४ ला ही सेवा सुरू झाली ती ९३७ गाड्यांवर, त्यातल्या २३३ ॲडव्हान्स आणि ७०४ बेसिक. त्यामुळं दारात येणारी गाडी बहुतेक बेसिकच असायची. आम्हाला त्याहून मोठी लागलीही नाही. डॉक्टर दर थोड्या वेळानं बीपी बघायचा, अण्णांना नाव विचारायचा. अण्णा दरवेळी तेवढ्याच मन लावून काहीतरी सांगायचे, आणि दरवेळी ते नाव नसायचं. मधल्या वेळात मला प्रश्न. रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का? गेल्या काही महिन्यांत ऑपरेशन? आधी असा झटका? शौचातून रक्त? वजन किती? वजन मला माहीत नव्हतं. बापाचं वजन कुठल्या पोराला माहीत असतं? ही सगळी माहिती तो फोनवर पुढं मिरजेला देत होता. कवठे एकंद गेलं तेव्हा मी खिडकीतून बाहेर बघितलं, रस्त्याकडेला माणसं निवांत चहा पीत उभी होती. सांगलीत विश्रामबागला गर्दी लागली, सकाळची शाळेची वेळ. सायरन ऐकून निम्मे बाजूला होतात, निम्मे आरशात बघून जागेवरच थांबतात. मीही आजवर त्या थांबणाऱ्यांतलाच.

आठ पस्तीसला पोचलो. दारातच दोघं जण उभे होते. पहिला प्रश्न काय असणार ते तुम्हाला आता माहीतच आहे. मी पावती पुढं केली.

स्कॅन लगेच झाला, रक्तस्राव नव्हता. अण्णांचं वजन स्ट्रेचरसकट केलं, ६२ किलो. इंजेक्शन वजनावर ठरतं, किलोला ०.९ मिलिग्रॅम, दहावा भाग एकदम शिरेतून, उरलेलं तासाभरात हळूहळू. त्याआधी बीपी १८५ वर ११० च्या खाली आणावं लागतं, त्यासाठी वेगळं औषध चालू केलं. घरात बीपी उतरवू नका आणि इथं उतरवताहेत, हे मला विचित्र वाटलं. नर्स म्हणाल्या, इथं दर थोड्या मिनिटांनी मोजत, सावकाश उतरवतोय, तोच फरक.

मग सहीचा कागद. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. या इंजेक्शननं मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका शंभरात साधारण सहा जणांना असतो, त्यात जीवही जाऊ शकतो. नाही दिलं तर हात आणि बोलणं कितपत परत येईल सांगता येत नाही. मी पुण्याच्या भावाला फोनवर घेतलं. तो म्हणाला, मी तीन तासांत पोचतो, तोवर थांबा, मोठ्या डॉक्टरांचं मत घेऊ. तो घाबरला होता, चुकीचं काही बोलत नव्हता. पण साडेचार तास सहा बावीसपासून मोजले की दहा बावन्नला संपत होते. मी सही केली. आईनं विचारलं, "कशावर केलीस?" मी म्हणालो, "सलाईनवर." नंतर खरं सांगितलं तर दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

नऊ चोवीसला इंजेक्शन सुरू झालं. पावतीपासून तीन तास दोन मिनिटं.

सिनेमात दाखवतात तसं काही झालं नाही. दुपारपर्यंत हात जरा वर यायला लागला. बोलणं त्या दिवशी आलंच नाही. चोवीस तास अतिदक्षता विभागात, मग पुन्हा स्कॅन, मग गिळता येतं का ते चमच्यानं पाणी देऊन तपासलं, तेव्हा कुठं तोंडातून काही द्यायला परवानगी. मला सकाळचा तो ठसका आठवला. नऊ दिवसांनी घरी आणलं. उजव्या हाताची पकड अजून कमी आहे, धार काढता येत नाही, याचा त्यांना फार राग आहे. शब्द अडकतात, बादलीला तांब्या म्हणतात आणि मग स्वतःच कपाळावर हात मारतात. बीपीची गोळी आता आई समोर उभी राहून देते.

घरी आल्यावर मी तीन कामं केली. डांबरी सोडतो तिथं पत्र्याचा बोर्ड लावला, बाण काढून. घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर एकच मेसेज टाकून ठेवला: जिल्हा, तालुका, गाव, टाकी, बाण, कुणाला कुठं उभं करायचं. बायकोनं त्यात खाली लिहिलंय, "फोन लगेच ठेवू नये." तिसरं काम म्हणजे ताणाच्या त्या दोन तारा कायमच्या आत घेतल्या.

डेअरीची पावती आईनं प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाबरोबर ठेवली होती. परवा अण्णांनी ती मागून घेतली. बराच वेळ डोळ्यांपाशी धरून वाचत होते. मला वाटलं, वेळ बघताहेत. मग बोट ठेवून, एकेक शब्द शोधत म्हणाले, "तीन... तीन पॉइंट... दोन. फॅट. बघ. साडेतीनच्या खाली आपली गाय... कधी लागली नाही. मशिनमध्ये... गडबड हाय त्याच्या." आणि उद्या सकाळी मला डेअरीवर घेऊन चल, म्हणून बसलेत.